संगणकाला डिस्क का दिसत नाही?

अशी कल्पना करा, की तुम्ही शिरूरच्या एका शाळेत दहावीत शिकत आहात. शनिवारी प्रयोगशाळेतला संगणक उत्तम चालत होता. सोमवारी सकाळी तो सुरू केला, तर नेहमीचे चित्र उमटलेच नाही. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एवढेच आले, की बूट करण्याजोगी डिस्क सापडली नाही. त्याच डिस्कवर वर्गाचे प्रात्यक्षिकांचे गुण आहेत. विज्ञान प्रदर्शनासाठी तीन महिने रोज मोजलेल्या घोड नदीच्या पाण्याच्या तापमानाच्या नोंदीही तिच्यावरच आहेत. त्यांची दुसरी प्रत कोणी काढून ठेवलेली नाही.

आता भोवती गर्दी जमते आणि सल्ले सुरू होतात. एक जण म्हणतो, "डिस्क गेली. नवी आणा." दुसरा म्हणतो, "फॉरमॅट मारा, सगळे ठीक होईल." तिसरा जरा जास्त जाणता असतो. तो म्हणतो, "मदरबोर्डचे बायोस जुने झाले आहे, ते अपडेट करा." या तिघांपैकी एकानेही अजून संगणकाची झाकणी उघडून पाहिलेली नाही. पहिल्या सल्ल्यात पैसे जातील, दुसऱ्यात नोंदी जातील आणि तिसऱ्यात वीज ऐन वेळी गेली, तर सारा संगणकच जाईल!

मग करावे काय? डॉक्टर औषध देण्यापूर्वी रोग्याला तपासतात. आपणही तसेच करू. त्यासाठी संगणक नेमके काय सांगत आहे, ते आधी समजून घेतले पाहिजे.

'सापडली नाही' म्हणजे काय?

हे समजण्यासाठी शिरूरहून थोडे दक्षिणेला, दौंडला जाऊ. दौंड हे रेल्वेचे मोठे जंक्शन. पुणे, सोलापूर आणि मनमाड या तिन्ही दिशांचे रूळ तेथे एकत्र येतात. स्थानकाच्या कोणत्या रुळावर गाडी उभी आहे, हे सिग्नलला कसे कळत असेल? रेल्वेच्या अनेक स्थानकांत यासाठी एक साधी युक्ती वापरतात. रुळांचा एक तुकडा विजेच्या दृष्टीने शेजारच्या तुकड्यांपासून वेगळा करतात. त्याच्या एका टोकाला थोड्या दाबाची वीज देतात. दुसऱ्या टोकाला रिले नावाचा विद्युत्-चुंबकावर चालणारा खटका असतो. रूळ मोकळा असेल, तर वीज रुळांतून रिलेपर्यंत पोचते आणि रिले खटका धरून ठेवतो. गाडी आली, की तिची चाके व आस दोन्ही रुळांना जोडतात. वीज मधूनच परतते, रिलेला ती मिळत नाही, खटका सुटतो आणि सिग्नल लाल होतो.

आता गंमत पाहा. गाडी आलेली नाही, पण एखादी तार तुटली तर काय होईल? तरीही रिलेला वीज मिळणार नाही आणि सिग्नल लालच होईल. म्हणजे सिग्नल लाल होण्याचा अर्थ 'गाडी आहेच' असा होत नाही. 'रिलेपर्यंत वीज पोचली नाही' एवढाच त्याचा खरा अर्थ. कारण गाडीचे असेल किंवा तारेचे. रेल्वेने ही रचना मुद्दामच अशी केली आहे, कारण शंका असेल तेव्हा गाडी थांबवलेलीच बरी.

संगणकाच्या त्या ओळीचेही तसेच आहे. तिचा अर्थ 'डिस्क मेली' असा घेण्याचे कारण नाही. संगणकाने हाक मारली आणि उत्तर आले नाही, एवढेच तो सांगत आहे. उत्तर वाटेत कोठे अडले, ते शोधणे हे आपले काम.

पहिले काही सेकंद

संगणकाचे बटण दाबताच प्रोसेसर जागा होतो. पण त्या क्षणी त्याला काहीच ठाऊक नसते. विंडोज किंवा लिनक्स डिस्कवर असते, आणि डिस्क कशी वाचावी हेच त्याला अजून माहीत नाही! म्हणून मदरबोर्डवर एक छोटी चिप बसवलेली असते. वीज गेली तरी तिच्यातला मजकूर पुसला जात नाही. जागा झाल्यावर प्रोसेसर पहिली आज्ञा या चिपमधून वाचतो. या चिपमधल्या आज्ञावलीला फर्मवेअर म्हणतात. यंत्राचे घट्ट भाग म्हणजे हार्डवेअर आणि सहज बदलता येणाऱ्या आज्ञावल्या म्हणजे सॉफ्टवेअर. या दोहोंच्या मधले ते फर्मवेअर. हा शब्द अ‍ॅशर ऑप्लर या अमेरिकन तंत्रज्ञाने १९६७ साली प्रथम वापरला. संगणकाच्या या फर्मवेअरला 'बायोस' म्हणण्याची पद्धत आहे. नव्या संगणकांत 'यूईएफआय' या नावाची त्याची सुधारलेली आवृत्ती असते.

बायोस आधी स्मृती तपासते, कळफलक तपासते आणि मग मदरबोर्डवरच्या प्रत्येक जोडणीला जणू विचारते, "कोण आहे?" डिस्क ठीक असेल, तर ती आपले नाव, आपला क्रमांक आणि आपली क्षमता सांगते. उत्तर आले, की बायोस तिच्या ठराविक जागेवरची आज्ञावली वाचून पुढचा कारभार तिच्यावर सोपवते.

यावरून आपल्याला पहिला प्रश्न मिळतो : बायोसच्या यादीत डिस्कचे नाव दिसते का? संगणक सुरू होताना 'डिलीट' किंवा 'एफ २' यांसारखी कळ दाबली, की बायोसचा पडदा उघडतो. कोणती कळ दाबायची, ते बहुधा पडद्यावरच क्षणभर लिहून येते. यादी नुसती पाहायची, काही बदलायचे नाही. नाव दिसत नसेल, तर दोष वीज, तार, जोडणी, मदरबोर्ड किंवा स्वतः डिस्क यांपैकी कशात तरी आहे. नाव दिसत असेल, तर उत्तर बायोसपर्यंत पोचते आहे आणि दोष त्याच्या पुढे आहे. एका प्रश्नात अर्धे संशयित सुटले!

नाव दिसत नसेल तर

आता झाकणी उघडायची. हे काम शिक्षकांच्या समोरच करा. आधी संगणक बंद करून भिंतीवरच्या सॉकेटमधून पिन काढा. मग सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेला विद्युत्‌भार निघून जातो. पेटीच्या रंग न दिलेल्या धातूच्या भागाला हात लावा. हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत लोकरी स्वेटर काढताना ठिणगी उडते ना? आपल्याला जाणवणारी अशी ठिणगी काही हजार व्होल्टची असते. चिपला मात्र त्याहून पुष्कळ कमी दाबही मारक ठरतो. वीजपुरवठ्याची बंद डबी, म्हणजे 'एसएमपीएस', कधीही उघडू नका. पिन काढल्यावरही तिच्यात धोकादायक दाब शिल्लक असू शकतो.

सध्याच्या बहुतेक टेबलावरच्या संगणकांत डिस्कला दोन जोडण्या असतात. अरुंद जोडणीत ७ संपर्कपट्ट्या असतात, तिच्यातून माहिती जाते. रुंद जोडणीत १५ संपर्कपट्ट्या असतात, तिच्यातून वीज येते. दोन्हींची खाच इंग्रजी 'एल' अक्षरासारखी असते, म्हणून ती उलटी बसत नाही. पण सैल मात्र बसू शकते! टेबल हलवताना बसलेले धक्के, उन्हाळ्यातला फुफाटा, पावसाळ्यात संपर्कांवर चढलेला गंज यांमुळे संपर्क तुटतो. दोन्ही जोडण्या काढून पुन्हा नीट बसवा. पुष्कळदा दुखणे येथेच संपते.

नाही संपले, तर एकेक गोष्ट बदलून पाहावयाची. वीज सुरू असताना मात्र कोणतीही जोडणी काढू किंवा घालू नका. आधी दुसऱ्या चालत्या संगणकाची तार लावून पाहा. मग डिस्क मदरबोर्डच्या दुसऱ्या खाचेत जोडा. शेवटी ती डिस्कच दुसऱ्या संगणकाला लावून पाहा. दोष डिस्कबरोबर दुसऱ्या संगणकात गेला, तर दोषी डिस्क. दोष पहिल्या संगणकातच राहिला, तर डिस्क निर्दोष. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या आणि संगणक चालू झाला, तर आनंद होईल, पण कारण कळणार नाही. रसायनशास्त्राच्या प्रयोगात आपण एका वेळी एकच घटक बदलतो, ते याच कारणासाठी.

फिरत्या चकतीची डिस्क असेल, तर संगणक सुरू करून कानही वापरा. मिनिटाला ७,२०० फेरे म्हणजे सेकंदाला १२० फेरे. डिस्कवर बोट टेकवले, तर ही थरथर जाणवते. थरथर मुळीच नसेल, तर बहुधा वीज पोचत नाही. पण 'टक्-टक्' असा एकसारखा आवाज येत असेल, तर संगणक ताबडतोब बंद करा. तेथे वाचणारा भाग आपली जागा शोधत धडपडत असतो. अशी डिस्क पुन्हापुन्हा सुरू करून पाहणे म्हणजे मोडलेल्या पायावर चालून पाहणे. नोंदी मोलाच्या असतील, तर ती माहितगार तंत्रज्ञाकडेच द्या.

नव्या संगणकांत डिस्कच्या जागी च्युइंगगमच्या पट्टीएवढी एसएसडी असते. तिची खाच 'एम-२' या नावाने ओळखली जाते. या पट्ट्या दोन जातींच्या असतात, साटा आणि एनव्हीएमई. दिसायला त्या जवळजवळ सारख्या. पण काही खाचा एकाच जातीची भाषा जाणतात. पट्टी नीट बसते, स्क्रूही लागतो आणि तरी उत्तर येत नाही! काही मदरबोर्डांवर तर एम-२ खाच वापरली, की साटाच्या एकदोन खाचा आपोआप बंद होतात, कारण दोघींचा मार्ग एकच असतो. नवी पट्टी बसवल्यावर जुनी डिस्क गायब झाली, तर मदरबोर्डची पुस्तिका उघडून पाहा.

नाव दिसते, पण काम होत नाही

बायोसच्या यादीत डिस्क आहे, तरीही संगणक सुरू होत नाही, असे असेल तर घड्याळाकडे पाहा. बायोसचे घड्याळ काही वर्षे मागे गेले आहे का? तसे असेल, तर गुन्हेगार सापडला म्हणावयास हरकत नाही. मदरबोर्डवर नाण्याएवढा ३ व्होल्टचा एक सेल असतो. त्याच्यावर 'सीआर २०३२' असे लिहिलेले असते. २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. नावातच माप! संगणक बंद असताना घड्याळ चालू ठेवण्याचे काम हा सेल करतो. पुष्कळ संगणकांत बायोसमध्ये आपण ठरवलेल्या गोष्टीही त्याच्याच जोरावर टिकतात. तो संपला, की कोणत्या डिस्कवरून सुरुवात करायची, डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलायचे, हे सारे मूळ स्थितीला जाते. थोड्या पैशांत मिळणारा हा सेल बदलून त्या गोष्टी पूर्ववत केल्या, की झाले.

दुसरी तऱ्हा अशी, की संगणक दुसऱ्या डिस्कवरून नीट सुरू होतो, पण जोडलेली डिस्क विंडोजमध्ये दिसत नाही. अशा वेळी 'डिस्क मॅनेजमेंट' उघडले, की ती तेथे बहुधा आढळते. तिला नुसते अक्षर दिलेले नसते, किंवा तिच्यावरची विभागांची नोंदवही वाचता येत नसते. येथे फार सावध राहा. डिस्क नवी कोरी असेल, तरच 'इनिशियलाइझ' किंवा 'फॉरमॅट' या प्रश्नाला होकार द्यावा. जुन्या नोंदी असलेल्या डिस्कबाबत होकार देणे म्हणजे हरवलेले पुस्तक शोधण्यासाठी ग्रंथालयाची सूचीच जाळणे.

आकड्यांची घरे अपुरी पडतात तेव्हा

मग बायोस बदलण्याची गरज कधीच नसते का? असते. त्यासाठी टपालाचे उदाहरण घेऊ. शिरूरचा पिन कोड ४१२२१० आणि दौंडचा ४१३८०१. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले अधिकारी होते आणि संस्कृतचे कवीही. पिन कोडला ६ घरे आहेत. म्हणून कितीही ओढाताण केली, तरी १० लाखांपेक्षा अधिक वेगवेगळे क्रमांक त्यात लिहिता येणार नाहीत. पाकिटावर पाचच घरे छापली असती, तर दौंडचा क्रमांक पुरा लिहिताच आला नसता.

डिस्कवरही माहिती अशाच क्रमांकांच्या कप्प्यांत ठेवतात. पूर्वापार पद्धतीने एका कप्प्यात ५१२ बाइट मावतात. क्रमांक लिहिण्यासाठी बायोसजवळ ठराविक घरे असतात, आणि प्रत्येक घरात ० किंवा १ एवढेच लिहिता येते. जुन्या संगणकांत कप्प्याचा पत्ता तीन भागांत लिहीत : १,०२४ वर्तुळे, १६ वाचक आणि ६३ विभाग. गुणाकार करा :

१,०२४ × १६ × ६३ × ५१२ = ५२,८४,८२,३०४ बाइट.

म्हणजे सुमारे ५२८ मेगाबाइटच्या पलीकडचे त्या बायोसला दिसतच नसे. पुढे २८ घरांचा सलग क्रमांक आला. २ चा २८ वा घात गुणिले ५१२ म्हणजे सुमारे १३७ गिगाबाइट. तीही भिंत ओलांडली गेली आणि क्रमांकाला ४८ घरे मिळाली. पण अनेक ठिकाणी, विशेषतः डिस्कच्या विभागांच्या जुन्या पद्धतीच्या नोंदवहीत, ३२ घरेच राहिली. त्यांची मर्यादा २१,९९,०२,३२,५५,५५२ बाइट, म्हणजे सुमारे २.२ टेराबाइट.

आता समजा, दौंडच्या एका शाळेने जुन्या संगणकाला ३ टेराबाइटची नवी डिस्क लावली. पडद्यावर क्षमता दिसते सुमारे ८०० गिगाबाइट! दुकानदाराने फसवले का? वजाबाकी करून पाहा. ३ मधून २.२ गेले, की उरतात ०.८. मोटारसायकलचा पाच आकडी किलोमीटर-दर्शक ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर येतो, तसे ३२ घरांचे गणित भरून पुन्हा शून्यापासून सुरू झाले. विंडोज १,०२४ च्या पटीत मोजत असल्याने तेथे हा आकडा सुमारे ७४६ दिसतो. डिस्क निर्दोष, तार निर्दोष, अपुरी पडली ती घरे.

अशा वेळी आधी जीपीटी नावाची नवी नोंदवही वापरावी लागते. पण तिने डिस्कवरच्या नोंदी बदलतात, म्हणून कोऱ्या डिस्कवरच. तेवढ्याने भागले नाही, तर मदरबोर्डच्या कंपनीने सुधारलेले फर्मवेअर दिले आहे का, हे पाहावे. एनव्हीएमई पद्धतीचे पहिले मानक २०११ साली निघाले. त्यापूर्वी तयार झालेल्या फर्मवेअरला ती भाषा कोठून येणार? कंपनी प्रत्येक आवृत्तीबरोबर बदलांची यादी देते. त्या यादीत आपल्या अडचणीचा उल्लेख असेल, तरच अपडेट करावे. 'नवे आहे म्हणून घालू' हे कारण पुरेसे नाही.

चिपवर पुन्हा लिहिताना

एके काळी ही चिप कारखान्यातच कायमची लिहिली जाई. १९८४ साली आपल्या देशात शाळांसाठी 'क्लास' हा संगणक-परिचयाचा प्रकल्प सुरू झाला. त्यातले बीबीसी मायक्रो हे संगणक अशाच चिपवरून चालत. त्याच वर्षी जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी फ्लॅश स्मृतीची कल्पना जगापुढे मांडली. फ्लॅश चिप जागच्या जागी विजेने पुसता येते आणि पुन्हा लिहिता येते. सोय झाली, पण तिच्याबरोबर धोकाही आला.

तो धोका समजून घ्या. फ्लॅश चिपमध्ये एखादे अक्षर खोडून त्या जागी दुसरे लिहिता येत नाही. आधी एक पुरा गट पुसावा लागतो आणि मग तो नव्याने लिहावा लागतो. फळा पुसला आहे, निम्मा मजकूर लिहून झाला आहे आणि तेवढ्यात वीज गेली, तर? जुने पुसले गेले, नवे पुरे झाले नाही. वीज आल्यावर प्रोसेसर पहिली आज्ञा वाचायला जातो, तो तेथे अर्धवट मजकूर! मग पडद्यावर एक अक्षरही उमटत नाही. असे झाले म्हणजे काय होते, ते २६ एप्रिल १९९९ रोजी जगाने पाहिले. तैवानमध्ये लिहिलेल्या 'सीआयएच' या व्हायरसने त्या दिवशी अनेक देशांतल्या संगणकांच्या डिस्कवरचा मजकूर तर बिघडवलाच, शिवाय काही संगणकांच्या बायोसवरही भलतेच लिहिले. तसे संगणक, चिप बदलल्याशिवाय किंवा बाहेरून पुन्हा लिहिल्याशिवाय, सुरू होईनात.

म्हणून अपडेट करायचेच ठरले, तर हा क्रम पाळा :

१. डिस्क दुसऱ्या संगणकावर वाचता येत असेल, तर आधी नोंदींची दुसरी प्रत काढा. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर तिची किल्ली, म्हणजे ४८ आकडी क्रमांक, लिहून ठेवा. अपडेटनंतर तो विचारला जाऊ शकतो.

२. मदरबोर्डचे नाव आणि त्याची 'रिव्हिजन' मदरबोर्डवरच वाचून वहीत उतरवा. एका अक्षराचा फरक असला, तरी ते फर्मवेअर आपले नव्हे.

३. फर्मवेअर कंपनीच्याच ठिकाणाहून घ्या आणि फॅट-३२ पद्धतीच्या पेन ड्राइव्हवर उतरवा. ते लिहिण्यासाठी बायोसमध्येच असलेली सोय वापरा.

४. संगणक यूपीएसवर ठेवा. मात्र यूपीएसची बॅटरी खरोखर किती मिनिटे टिकते, हे आदल्या दिवशी जुन्या एखाद्या संगणकावर अजमावून पाहा. लॅपटॉप असेल, तर बॅटरी पूर्ण भरा आणि चार्जरही लावून ठेवा. मे महिन्यात दुपारी वळवाचे ढग दाटून आले असतील, तर हे काम दुसऱ्या दिवसावर ढकला.

५. काम चालू असताना कशालाही हात लावू नका. मधे संगणक स्वतःच एकदोनदा बंद होऊन सुरू झाला, तरी घाबरू नका.

६. झाल्यावर बायोसमधील गोष्टी मूळ स्थितीला गेल्या असतील. आधी लिहून किंवा छायाचित्र काढून ठेवले असेल, तर त्या पूर्ववत करता येतील.

काही मदरबोर्डांवर फर्मवेअरच्या दोन प्रती असतात. काहींवर बिघडलेले फर्मवेअर पेन ड्राइव्हवरून परत लिहिण्याचे बटणही असते. आपल्या मदरबोर्डवर तशी सोय आहे का, हे काम सुरू करण्यापूर्वीच पुस्तिकेत पाहून ठेवा.

आता शिरूरच्या शाळेत परत येऊ. बायोसच्या यादीत डिस्क नव्हती. झाकणी उघडली, जोडण्या पुन्हा बसवल्या, तरी ती आली नाही. शेजारच्या संगणकाची अरुंद तार लावली, आणि डिस्कचे नाव यादीत उमटले! सारा दोष एका छोट्या तारेत होता. फॉरमॅट केले असते, तर घोड नदीच्या नोंदी कायमच्या गेल्या असत्या, आणि तार मात्र तशीच खराब राहिली असती. त्या दिवशी शाळेत पहिले काम कोणते व्हावे, हे तुम्ही ओळखले असेलच : सर्व नोंदींची दुसरी प्रत काढून ती दुसऱ्या ठिकाणी ठेवणे.

करून पाहा

१. शाळेतल्या एका संगणकाच्या बायोसचा पडदा शिक्षकांबरोबर उघडा. डिस्कचे नाव, क्षमता आणि फर्मवेअरची तारीख वहीत लिहा. काहीही न बदलता बाहेर पडा.

२. २८ घरांची मर्यादा नेमकी किती बाइट, ते कागदावर गुणाकार करून काढा. उत्तर १,३७,४३,८९,५३,४७२ आले पाहिजे.

३. एका संगणकात डिस्क दिसत नाही. तार बदलली, दिसली नाही. खाच बदलली, दिसली नाही. तीच डिस्क दुसऱ्या संगणकात लावली, तर दिसली. आता संशय कोणाकोणावर राहिला? आणि पुढची एकच गोष्ट कोणती बदलून पाहाल? (सूचना : डिस्कला दोन जोडण्या असतात, हे विसरू नका.)